पाणी प्यायला उठलेली बाई

भयपटात मध्यरात्री कोणीतरी पाणी प्यायला उठतंच. हा प्रसंग इतक्यांदा येऊन गेलाय की तो सुरू झाला की थिएटरात माणसं आपोआप सावरून बसतात. तरी तो चालतो. तहान लागणं इतकं साधं आहे की ‘ही आता कशाला उठली?’ असं कोणी विचारत नाही. जायचा रस्ता ठरलेला, परतायचा रस्ताही तोच. घर ओळखीचं. आणि उठणारी बाई अर्धवट झोपेत, म्हणजे प्रेक्षक तिच्यापेक्षा जास्त जागा. भयपटाला याहून अधिक भांडवल लागत नाही.

म्हणून हा एकच प्रसंग घेऊन बसू या. कोकणातलं कौलारू घर. माजघरात झोपलेली बाई उठते, कंदील घेऊन स्वयंपाकघरात येते, माठातलं पाणी पिते, परत जाते. पाणी पिताना तिच्या पाठीशी परसदार. पडद्यावर साधारण अडीच मिनिटं. भूत नाही, सावली नाही, पांढरी साडी नाही. एवढंच होतं, की संध्याकाळी तिने स्वतः लावलेली परसदाराची कडी आता सुटून लोंबते आहे. तिला ते दिसत नाही. आपल्याला दिसतं.

हे ‘आपल्याला दिसतं’ घडवून आणण्यातच सगळी मेहनत आहे. दिग्दर्शकाने बोट धरून कडी दाखवली तर प्रेक्षकाला एक माहिती मिळते. तीच कडी त्याची त्याला सापडली तर पोटात गोळा येतो. माझ्या समजुतीप्रमाणे भयपटात कॅमेरा, ध्वनी आणि संकलन ही तिन्ही खाती या एकाच कामाला जुंपलेली असतात: प्रेक्षकाचा डोळा आणि कान सतत काहीतरी शोधत राहावा. शोधणं थांबलं की माणूस नुसता बघायला लागतो, आणि नुसतं बघताना भीती वाटत नाही.

रात्रीच्या प्रसंगाची तयारी संध्याकाळीच करावी लागते. तेच स्वयंपाकघर, दिवेलागणीची वेळ, बाई कोणाशी तरी भाताबद्दल नाहीतर उद्याच्या एसटीबद्दल बोलते आहे, आणि बोलता बोलता परसदार ओढून कडी कोयंड्यात अडकवते. हा शॉट वाइडमध्येच हवा, सगळी खोली दिसेल असा. डावीकडे माठ, मध्ये ओटा, उजवीकडे दार. इथे कडीचा क्लोजअप घेण्याचा मोह होतो आणि तिथेच पहिली चूक होते. क्लोजअप म्हणजे ‘हे लक्षात ठेवा’ अशी सूचना. प्रेक्षक लगेच ओळखतो की ही कडी पुढे कामाला येणार, आणि मग रात्री तो बाईकडे बघतच नाही, थेट कडीकडे बघत बसतो. त्यापेक्षा आठवण ठेवायचं काम कानाला द्यावं. जुन्या लोखंडी कडीचा ‘खट्ट’ आवाज स्वच्छ रेकॉर्ड करायचा आणि संवादातल्या एका विरामात बरोबर बसवायचा. डोळा वाइडमध्ये हिंडत राहतो, कान मात्र नोंद करून ठेवतो.

खोलीचा भूगोल संध्याकाळी नीट कळला नसेल तर रात्री काहीही करा, उपयोग नाही. कुठलं दार कुठे उघडतं हेच ठाऊक नसेल तर अंधारात माणूस गोंधळतो, आणि गोंधळलेला माणूस घाबरत नाही, कंटाळतो.

आता रात्र. कॅमेरा ओट्याच्या टोकाला, जमिनीपासून साधारण तीन फुटांवर. उभ्या माणसाची नजर पाच फुटांच्या आसपास असते, त्यामुळे तीन फुटांवरून बघणारं कोण, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात शब्दांत न उमटताही उमटतो. सुपर ३५ सेन्सर (सिनेमा कॅमेऱ्यांचं नेहमीचं माप) असेल तर ३२ मिमीची लेन्स. बाई चौकटीच्या डाव्या तिसऱ्या भागात, लेन्सपासून पाच फुटांवर. परसदार उजवीकडे, पंधरा फुटांवर. चौकटीचा मधला आणि उजवा भाग रिकामा. ही रिकामी जागाच प्रेक्षकाला कामाला लावते, कारण पडद्यावरची जागा रिकामी दिसली की ती भरणार असं माणूस धरून चालतो.

आणि इथे लेन्स किती उघडायची हा प्रश्न येतो. हल्ली सगळ्यांना पार्श्वभूमी लोण्यासारखी विरघळलेली आवडते. ५० मिमी लेन्स टी १.४ वर उघडली (टीचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी) की पाठीमागचं दार म्हणजे एक तपकिरी डाग होतो. दिसायला देखणं. पण त्या डागात शोधायला काहीच उरत नाही. डोळा एकदा तिकडे जातो, हाती काही लागत नाही, तो बाईच्या चेहऱ्यावर परत येतो आणि तिथेच राहतो. ३२ मिमी लेन्स टी ४ वर ठेवली तर दार धूसर असतं, पण दार आहे हे कळतं, त्याच्या फळ्या कळतात, आणि वीतभर कडी सरळ आहे की लोंबते आहे एवढाही अंदाज येतो. खात्री मात्र होत नाही. ‘आहे का? नाही? आहे’ अशी ती झटापट. तेवढीच धूसरता हवी. १.४ वरून ४ वर जायचं तर आठपट उजेड लागतो किंवा तेवढी आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवावी लागते, आणि पैशाची किंवा वेळेची ओढाताण असली की पहिली माघार इथे घेतली जाते. ती घेऊ नये. दिवे कमी असतील तर बाईला दाराच्या जवळ आणा, जास्त रुंद कोनाची लेन्स घ्या, काहीही करा, पण कडी वाचता येईल एवढा फोकस ठेवा.

चौकटीच्या कडांचं महत्त्व जुन्या लोकांना फार नेमकं कळलं होतं. १९६१ च्या ‘द इनोसंट्स’ या ब्रिटिश चित्रपटाला स्टुडिओच्या आग्रहाने सिनेमास्कोपची लांबलचक चौकट वापरावी लागली. एका वाड्यात एकटी बाई, आणि चौकट एवढी रुंद. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांनी फिल्टरच्या कडा हाताने रंगवून काळवंडल्या, म्हणजे चित्राच्या दोन्ही बाजू अंधारात विरत जातात. रुंदी तशीच राहिली, पण तिचा अर्थ बदलला: त्या कडांत काय आहे ते दिसत नाही, आणि ती जागा चौकटीच्या बाहेरही नाही. आज हेच काम ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शूटिंगनंतर रंग-उजेड जुळवताना, दोन मिनिटांत होतं आणि सरसकट प्रत्येक शॉटवर होतं. सगळीकडे केलं की ते नुसतं सजावटीसारखं दिसतं.

उजेडाबद्दल एक मोठा गैरसमज आहे की अंधार हवा म्हणजे एक्स्पोजर कमी करायचं. सगळंच दोन-तीन स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) शूट केलं की चित्र काळं न होता करडं, मळकं होतं. नंतर कलरिस्ट ते वर उचलतो, सावल्यांमध्ये नॉईजचे दाणे वळवळायला लागतात, आणि ओटीटीच्या कॉम्प्रेशनमधून गेल्यावर त्या काळोखाचे चौकोनी तुकडे पडतात. प्रेक्षक भुताऐवजी ते चौकोन बघतो. अंधार दिसण्यासाठी चौकटीत एक तरी जागा नीट उजळलेली हवी. डोळा तिच्याशी तुलना करतो आणि उरलेलं सगळं काळोख म्हणून स्वीकारतो. आपल्याकडे कंदील आहे. नुसत्या वातीवर भागत नाही, म्हणून काचेच्या आत, कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूला, छोटा उबदार एलईडी लपवतात आणि डिमरवर अगदी किंचित थरथरवतात. बाईचा गाल आणि हात त्या उजेडात. दार मात्र तीन स्टॉप खाली. दारावर थोडासा उजेड यायला कोकणातल्या घरात आयती सोय असते: छपरातलं काचेचं कौल. त्यातून आलेला चांदण्याचा एक फिका पट्टा दाराच्या वरच्या भागावर पडू द्यायचा, कडीच्या चार बोटं वर. कडीवर नको. कडीवर पाडला तर पुन्हा बोट दाखवल्यासारखं झालं.

आपल्या देशात दिव्यांच्या बाबतीत एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. वीज ५० हर्ट्झची, चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा. घरातली ट्यूब किंवा स्वस्त एलईडी चौकटीत असेल तर १८० अंशांच्या शटरवर (म्हणजे प्रत्येक फ्रेम १/४८ सेकंद उघडी) चित्र लुकलुकतं. शटर १७२.८ अंशांवर आणलं की एक्स्पोजर बरोबर १/५० सेकंदाचं होतं आणि लुकलुक बसते. शूटिंगच्या गडबडीत हे राहून जातं, छोट्या मॉनिटरवर दिसत नाही, आणि मोठ्या पडद्यावर शांत शॉटच्या ठिकऱ्या उडवतं. भयपटात दिवा लुकलुकला तर त्याला अर्थ असतो. नको तिथे अर्थ निर्माण होणं हा बिघाडच आहे.

कॅमेरा हलवायचा का? हलवायचाच, पण कळू न देता. ट्रॉलीवरून पाच फुटांवरून चार फुटांवर, चाळीस सेकंदांत. सेकंदाला पाऊण सेंटिमीटर. कुठल्याही एका क्षणी हालचाल जाणवत नाही, पण शेवटी बाई सव्वापट मोठी झालेली असते आणि तिच्याभोवतीची मोकळी जागा कमी झालेली असते. प्रेक्षकाला कोंडल्यासारखं वाटतं, कारण सापडत नाही. जुन्या घरात याची अडचण जमिनीची. सारवलेली जमीन सपाट नसते. ट्रॅकखाली जाड प्लायवूड आणि लाकडी पाचरी घालून पाणसळीने लेव्हल घ्यावी लागते, नाहीतर ट्रॉली मध्येच एक गचका देते आणि प्रेक्षकाला एकदम कळतं की इथे कॅमेरा आहे, माणसं आहेत, चहा आहे. तो विश्वास पुन्हा बसायला पुढचा अख्खा मिनिट जातो. पॅन करायचा, म्हणजे जागेवरूनच कॅमेरा आडवा फिरवायचा असेल तर एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला निदान सात सेकंद लागावेत. त्याहून वेगाने २४ फ्रेममध्ये कडा तुटतात, दाराच्या चौकटी थडथडतात.

काही वेळा कॅमेरा खिळवून ठेवणं सगळ्यात भारी पडतं. १९९० च्या ‘द एक्झॉर्सिस्ट ३’ मधला हॉस्पिटलचा कॉरिडॉर बघा. कॅमेरा लांब टोकाला, हलत नाही. नर्स इकडून तिकडे जाते, दारं उघडते, पहारेकरी येतो, जातो. बघता बघता प्रेक्षक त्या अंतराला सरावतो. आपण दूर आहोत, सुरक्षित आहोत. आणि मग जे होतं ते एका झटक्यात झूमसकट होतं. तो झटका सगळ्यांना आठवतो. त्याच्या आधीचा खिळलेला वेळ कोणी मोजत नाही, आणि खरं मोल त्याचंच आहे.

आता पाणी. इथे आपल्याकडची एक सवय या प्रसंगाला अशी काही मदत करते की दुसऱ्या कुठल्या देशातल्या दिग्दर्शकाला ती सुचणार नाही. आपण भांड्याला तोंड न लावता वरून पाणी पितो. बाई माठावरचं झाकण बाजूला ठेवते, ओगराळ्याने भांड्यात पाणी घेते, मान मागे टाकते आणि वरून धार सोडते. आता तिचे डोळे छपराकडे आहेत. गळा पूर्ण उघडा. एक हात वर गुंतलेला. आणि स्वतःच्याच घोटांच्या आवाजात तिला बाहेरचं फारसं ऐकू येत नाही. पाच-सहा घोट, साताठ सेकंद. त्या साताठ सेकंदांत ती घरातली सगळ्यात असहाय व्यक्ती असते आणि तिला ते माहीत नसतं. तिच्या वतीने बघायचं काम प्रेक्षकावर पडतं. तो आपोआप तिच्या खांद्यावरून मागे दाराकडे बघतो. कोणी सांगावं लागत नाही. कडी सापडते ती इथे.

भांडं पितळेचं असावं. पाणी संपल्यावर ते ओट्यावर ठेवतानाचा बारीक नाद खोलीत किती वेळ राहतो, त्यावरून खोली किती रिकामी आहे हे कानाला समजतं.

हा शॉट तोडायचा नाही. संकलकाच्या टेबलावर तो सगळ्यात जास्त छळतो. शॉट पहिल्यांदा बघताना पोटात कालवतं, दहाव्यांदा बघताना काहीच होत नाही, पन्नासाव्यांदा तो भयंकर लांब वाटतो, आणि हात आपोआप कात्रीकडे जातो. दोन सेकंद इथून, दीड तिथून. शेवटी उरतं ते झटपट, नीटनेटकं आणि निर्जीव. काळोख्या चित्रात डोळ्याला शोधायला वेळ लागतो. उजेडातली वस्तू सेकंदभरात सापडते. धूसर दारावरची लोंबती कडी सापडायला कोणाला दोन सेकंद लागतील, कोणाला सहा. तीन सेकंदांवर कट मारला तर अर्ध्या थिएटरला काही दिसलेलंच नसतं. आठ सेकंद ठेवला तर एक गंमत होते: ज्याला आधी दिसतं तो श्वास आत घेतो, आणि शेजारच्याला कळतं की आपल्याला काहीतरी दिसायचं राहिलंय. मग तो जीव तोडून शोधतो. थिएटरात एकत्र बसून भयपट बघण्यात जी मजा आहे ती या सेकंदांची आहे. म्हणून संकलकाने पहिल्या बघण्यातच कागदावर लिहून ठेवावं, कुठे श्वास अडकला, कुठे सुटला. पुढे आपल्या डोळ्यांपेक्षा त्या कागदावर विश्वास ठेवावा. आणि एकदा आवाज पूर्ण बंद करून बघावं. चित्रावर तो ताण उभा राहत नसेल तर संगीत फक्त त्यावर पांघरूण घालतंय.

‘पण लोकांना कडी दिसली नाही तर?’ हा प्रश्न हमखास येतो आणि क्लोजअप घालायचा दबाव येतो. घालू नये. त्यासाठी ध्वनी आहे, आणि ध्वनीबद्दल मला सर्वात जास्त बोलायचं आहे, कारण आपल्याकडे भयपटात सगळ्यात जास्त वाया जातो तो ध्वनीच. दार करकरतं, कुत्रं रडतं, पैंजण वाजतात, आणि सगळं एकाच पातळीवर, छातीवर बसल्यासारखं.

जागेवरची शांतता आधी रेकॉर्ड करावी लागते. शॉट संपल्यावर सगळ्या युनिटने जिथल्या तिथे थांबायचं, पंखे बंद, जनरेटर लांब, फोन बंद, आणि पूर्ण एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करायची. याला रूम टोन म्हणतात. ती न घेता पुढे गेलेल्या युनिटला नंतर मिक्सिंगमध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, शांतता कुठून तरी उसनी आणावी लागते, आणि सारवलेल्या घराची शांतता फरशीच्या फ्लॅटमधल्या शांततेसारखी नसते. एक गोष्ट तर अजिबात करू नये: शांतता हवी म्हणून ट्रॅक शून्यावर नेणे. संपूर्ण निःशब्द झालेल्या स्पीकरमुळे प्रेक्षकाला भीती वाटत नाही, थिएटरची यंत्रणा बिघडली असं वाटतं.

आपल्या प्रसंगाचं सगळं कथानक एकट्या रातकिड्यांवर सांगता येतं. ते दोन थरांत रेकॉर्ड करायचे, दूरचे आणि जवळचे. रातकिड्याचा आवाज बराच वरच्या पट्टीत, ४-५ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. दार बंद असताना बाहेरचा आवाज आत येतो तो दबून, म्हणून ३ किलोहर्ट्झच्या वरचा भाग खाली आणायचा. घर स्लॅबचं असतं तर चांगला बारा डेसिबल आणला असता; कौलारू घरात छपरातून आवाज झिरपतो, म्हणून सहा ते आठ पुरे. आता बाई मान मागे टाकते. पहिल्या घोटाला त्या वरच्या पट्ट्या हळूहळू परत आणायच्या, पाच सेकंद घेऊन. रातकिडे मोठे होत नाहीत, स्वच्छ होतात. म्हणजे दार उघडतंय. करकर नाही, बिजागरी नाही, वाऱ्याचा झोत नाही. नव्वद टक्के प्रेक्षकांना काय बदललं ते सांगता येणार नाही, पण कडी शोधणाऱ्या डोळ्याला कानाने साथ दिलेली असते.

आणि मग जवळचे रातकिडे थांबतात. हे प्रत्यक्षात होतं, गावात राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: झुडपाजवळून कोणी चाललं की तिथले किडे गप्प होतात, लांबचे चालू राहतात. मिक्सिंगमध्ये मात्र बहुतेक वेळा सगळाच ट्रॅक एकदम कापला जातो. मग ते ‘इफेक्ट’ वाटतं. फक्त जवळचा थर थांबवला आणि दूरचा तसाच ठेवला तर मध्ये एक भोक पडतं, माणसाच्या आकाराचं. त्या भोकात कोण उभं आहे हे प्रेक्षक स्वतः ठरवतो.

दूर आणि जवळ हे नुसत्या आवाजाच्या पातळीवर ठरत नाही. १९४९ च्या ‘महल’मध्ये ‘आएगा आनेवाला’ची सुरुवात आठवा. हिंदी चित्रपटातल्या भुताटकीची घडी ज्या चित्रपटाने बसवली तो हा. कमाल अमरोहींचं दिग्दर्शन, जोसेफ विर्शिंग यांचा कॅमेरा, बिमल रॉय यांचं संकलन. ते गाणं लांबून येतंय असं वाटावं म्हणून लताबाईंनी खोलीच्या कोपऱ्यातून गायला सुरुवात केली आणि गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या. अंतर पावलांनी तयार केलं. त्यामुळे कोपऱ्यात असताना खोलीचा घुमारा जास्त आणि गळा कमी, जवळ येताना गळा जास्त आणि घुमारा कमी, असं प्रमाण आपोआप बदलत गेलं. आज नुसता फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढून ‘लांब’ करतात. कान फसत नाही. त्याला जवळचाच आवाज हळू झाल्यासारखा ऐकू येतो. लांबच्या आवाजाची वरची धार बोथट असते आणि त्यात जागेचा वाटा मोठा असतो. हाक, हसू, पाळण्याचा कुरकुर आवाज, काहीही लांबून यायचं असेल तर ते खरोखर लांब उभं राहून रेकॉर्ड करावं. लताबाईंची ती चाल अजून शिकवण्याजोगी आहे.

पावलांचंही तसंच. १९८० च्या ‘द शायनिंग’मध्ये मुलगा तीनचाकी सायकल हॉटेलच्या रिकाम्या मजल्यांवरून फिरवतो, गॅरेट ब्राउन यांचा स्टेडिकॅम (अंगावर बांधून धक्क्याविना चालवायचा कॅमेरा) जमिनीपासून काही इंचांवरून त्याच्या मागे. चाकं लाकडी जमिनीवर आली की घरघर, गालिच्यावर गेली की एकदम गप्प, पुन्हा घरघर, पुन्हा गप्प. धक्का एकही नाही. पण कान त्या तालात अडकतो आणि प्रत्येक शांततेत काहीतरी होईल म्हणून थांबतो. आपल्या बाईची पावलं सारवलेल्या जमिनीवर जवळजवळ वाजतच नाहीत, उंबरठ्यावरच्या लाकडावर एकदाच वाजतात. म्हणून तिची चाल काचेच्या बांगड्यांवर ऐकवावी. पैंजण नकोत, पैंजण ऐकले की प्रेक्षक भूत शोधायला लागतो.

दचकवण्याबद्दलही बोललं पाहिजे, त्याला कमी लेखण्यात अर्थ नाही. दचकणं शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. अचानक चढलेल्या आवाजावर पापणी ३० ते ५० मिलिसेकंदांत मिटते, म्हणजे जवळजवळ एका फ्रेममध्ये. यात आवाज किती मोठा आहे त्याच्याइतकंच तो किती झटकन चढतो हे महत्त्वाचं. आणि इथे एक चूक वारंवार दिसते. मोठ्या आवाजाच्या सुमारे १०० मिलिसेकंद आधी, म्हणजे दोन-अडीच फ्रेम आधी, एखादा बारीक आवाज आला तर मेंदू दचकण्याचा जोर कमी करतो. पडद्याची सळसळ, कपड्याची फर्र, संगीताचा चढता सूर, असं काहीतरी हौसेने आधी जोडलेलं असतं आणि मग धक्का फुसका का गेला ते कोणाला कळत नाही. ती फर्र काढून टाकली की तोच आवाज खुर्चीतून उडवतो. मोठ्या थिएटरात शेवटच्या रांगेला आवाज उशिरा पोचतो. १४ मीटरला एक पूर्ण फ्रेम. म्हणून आवाज कटवरच किंवा एक फ्रेम आधी बसवणं बरं. आणि शरीर सरावतं. तिसऱ्या धक्क्याला पहिल्याची धार राहत नाही, म्हणून चित्रपटाला दोन-तीनच खरे धक्के परवडतात.

खोटा धक्का देऊन माणसाला सैल सोडण्याची युक्ती १९४२ च्या ‘कॅट पीपल’मधली. रात्री बागेच्या भिंतीकडेने एक बाई चालते, मागून दुसऱ्या टाचांचा आवाज. मग मागच्या टाचा थांबतात. ती घाबरून वेग वाढवते, आणि फिस्सकन आवाज करत चौकटीत शिरते ती बस. संकलक मार्क रॉब्सन यांनी त्या ब्रेकचा आवाज असा बसवला की पुढे या युक्तीलाच ‘बस’ म्हणायला लागले. तिची नक्कल करणारे मांजर अंगावर उडवतात आणि मागच्या टाचा विसरतात. टाचा थांबल्या नसत्या तर बस ही नुसती बस होती.

मागच्या स्पीकरमधून आवाज देतानाही हात आवरावा. फार स्पष्ट आवाज मागून आला तर प्रेक्षक मान वळवतो आणि त्याला लाल अक्षरांतली ‘एक्झिट’ची पाटी दिसते. तेवढ्यात कोकणातलं घर हातचं गेलं. मागे फक्त रातकिडे, पानांची सळसळ, पाऊस अशी दिशाहीन माया ठेवावी. पावसाचं तर वेगळंच आहे. ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला तेव्हा पंकज कुमार यांनी टिपलेला तो ढगाळ, चिकट, न संपणारा पावसाळी उजेड सगळ्यांच्या डोळ्यात भरला. कानाच्या बाजूने बघितलं तर सततचा पाऊस बारीक आवाज गिळून टाकतो, आणि आपण नकळत पुढे झुकून ऐकायला लागतो. आपल्या प्रसंगात पाऊस असता तर रातकिड्यांचा खेळ करताच आला नसता. एक निवडलं की दुसरं सोडावं लागतं. ‘लपाछपी’ने २०१७ मध्ये उसाचं शेत निवडलं आणि अंधाराची गरजच कमी केली: उसात भर दिवसा चार फुटांपलीकडचं दिसत नाही आणि प्रत्येक हालचालीला पात वाजते.

फोनवर बघणाऱ्यांसाठी एक जास्तीची दक्षता. सबवूफरमधली ४० हर्ट्झची घरघर फोनच्या स्पीकरवर पोचतच नाही; साधारण २०० हर्ट्झच्या खालचं त्यातून जवळजवळ काही निघत नाही. ताण फक्त त्या घरघरीवर तोललेला असेल तर अर्ध्या प्रेक्षकांसाठी तो नाहीच. तिच्यात वरचे हार्मोनिक, म्हणजे तिच्याच पटीतले वरचे सूर, मिसळावे लागतात, किंवा रातकिड्यांसारख्या वरच्या पट्टीतल्या आवाजावर भिस्त ठेवावी.

आता शेवटचे वीस सेकंद. बाईने भांडं ओट्यावर उपडं घातलं, झाकण ठेवलं, कंदील उचलला. मागे वळायच्या आधी ती क्षणभर थांबते का? नटीला सहसा थांबावंसं वाटतं. थांबू देऊ नये. ती थांबली तर तिलाही कळलं, आणि मग प्रेक्षक एकटा राहत नाही. तिने जांभई देत जावं. कंदील तिच्याबरोबर गेला की स्वयंपाकघरात फक्त काचेच्या कौलातलं चांदणं. कॅमेरा तिथेच. माठाच्या कडेवरून एक थेंब खाली. दहा सेकंद.

या दहा सेकंदांत जवळचे रातकिडे पुन्हा सुरू करायचे की नाही, यावर मिक्सिंगच्या खोलीत तास जाऊ शकतो. सुरू केले तर बाहेर होतं ते निघून गेलं असं वाटतं. नाही केले तर ते अजून परसदारीच उभं आहे. मी तिसरं करीन. उजव्या बाजूला, परसातले, एकेक करून सुरू होऊ द्यायचे, पूर्ण पहिल्यासारखे. ते सुरू झाल्यावर दोन सेकंद जाऊ द्यायचे. मग डाव्या बाजूला, माजघराच्या खिडकीबाहेरचे, थांबवायचे.